अँकिलोसॉरचे मागचे दोन पाय

संग्रहालयातल्या अँकिलोसॉरला चार पाय होते आणि चारही पाय एकाच सासऱ्याच्या जावयांचे होते. पुढचे दोन थोरल्या जावयाचे, मागचे दोन धाकट्याचे. माणसाची जागा त्याच्या गुणांवरून ठरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा धाकटा साडू होऊन पाहावं.

अँकिलोसॉर म्हणजे चिलखत घालून पाला खाणारा डायनासोर. पाठीवर हाडांच्या ढाली, डोक्यावर हाडं, मानेभोवती हाडांची कडी. त्याच्या काही भाऊबंदांच्या तर पापण्यासुद्धा हाडांच्या होत्या म्हणतात. एवढा जामानिमा करून हा गडी दिवसभर करायचा काय, तर मान खाली घालून जमिनीलगतचे नेचे ओरबाडायचा. दात इवलेसे, त्यामुळे चावण्याच्या नावाने आनंदच. सगळा भार पोटावर. पोट पिंपाएवढं आणि त्यात पाला आंबत पडलेला. सासुरवाडीला मुक्काम ठोकलेल्या जावयात आणि त्याच्यात फरक एवढाच, की त्याला शेपटाच्या टोकाला हाडाचा गोळा होता आणि त्याचा उपयोग होता.

संग्रहालयाने हा प्राणी फोम, रबर आणि अॅल्युमिनियमच्या नळ्या यांतून बनवून घेतला होता. रोज सकाळी मोठ्या दालनात त्याचा खेळ व्हायचा. पडदा सरकला की अँकिलोसॉर डुलत डुलत यायचा, कापडी नेचे खायचा. एक संशोधक बाई माइकवरून त्याची माहिती सांगायच्या. मग तिकीट खिडकीवरचा लंबू मांसाहारी डायनासोरच्या वेषात, पायांना काठ्या बांधून, जबडा वासून यायचा. अँकिलोसॉर शेपटाचा गोळा त्याच्या नडगीवर हाणायचा, लंबू आडवा व्हायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. बाईंचं म्हणणं होतं, की या प्राण्याचा आवाज कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा त्याने तोंड मिटून राहावं. संचालकांचं म्हणणं होतं, की मुका डायनासोर बघायला तिकीट काढून कोण येणार. त्यामुळे थोरले गर्जना करत. पाला खाता खाता कुणी कशाला गरजेल, हे विचारायचं नाही असं ठरलं होतं.

थोरले पूर्वी नाटकात होते. नाटकात म्हणजे दरबारात भाला धरून उभं राहायच्या कामाला. पण माणूस रंगभूमीवर किती वेळ उभा होता ते महत्त्वाचं, बोलला किती हे नव्हे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. ही नोकरी त्यांनाच आधी लागली. मागच्या पायांना मात्र माणूस टिकेना. जो येई तो महिन्याभरात कंबर धरून निघून जाई. त्याच सुमारास धाकटे ज्या दुकानात बॅगा विकत, ते दुकान बसलं. दोघी बहिणींनी फोनवर बोलून एका संध्याकाळी हा प्रश्न निकालात काढला आणि जावयांना नंतर कळवलं.

मागे असण्याची रीत अशी. कमरेत वाकायचं, पुढच्याच्या पट्ट्याला जोडलेली दांडी दोन्ही हातांनी धरायची, सगळ्या ढालींचं वजन पाठीवर घ्यायचं आणि शेपूट स्वतःच्या कमरेला पट्ट्याने आवळायचं. दिसायचं काय, तर थोरल्यांच्या पँटचा मागचा खिसा. तीन वर्षं धाकट्यांनी कामाच्या वेळी जग म्हणून जे काही पाहिलं ते त्या खिशाएवढं होतं, आणि तेही फार बघण्यासारखं नव्हतं, म्हणून ते डोळे मिटूनच चालत. पुढून खूण यायची. थोरल्यांनी पाय एकदा आपटला की थांबायचं, दोनदा आपटला की चालायचं, तीनदा आपटला की शेपूट.

शेपूट हे एक प्रकरणच होतं. खऱ्या प्राण्याचं जसं, तसंच बनवलेलं होतं: बुडखा लवचिक, पुढचा भाग कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा ताठ आणि टोकाला गोळा. हाताने ते हलत नसे. भार डाव्या पायावर घ्यायचा, श्वास धरायचा आणि कंबर फिरवायची. गोळा किंचित उशिराने येतो, त्याची वाट बघायची. हे धाकट्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते घरी फ्रिजचं दार कमरेने लावत, कपाटाचे खण कमरेने ढकलत. "हातांना काय झालंय तुमच्या?" असं बायको विचारायची. हात चांगले होते. हातांना काम नव्हतं, एवढंच.

खेळ संपला की थोरले डायनासोरचं डोकं काढून गळ्याच्या भोकातून बाहेर येत, केसांवरून हात फिरवत आणि वाकून नमस्कार करत. मुलं ओरडत, फोटो निघत. धाकटे तेवढा वेळ आतच ओणवे. ते बाहेर आले असते तर सगळा प्राणी पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला असता. टाळ्या फोममधून फार लांबून आल्यासारख्या ऐकू येतात. धाकट्यांना त्या आपल्या नव्हेत हे कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

म्हणूनच ती थाप मारली गेली. नोकरी लागली त्या दिवशी त्यांच्या मुलीने, खारूने, विचारलं होतं, "बाबा, डायनासोरचं तोंड तुम्हीच हलवता ना?" ही मुलगी सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून घरात तिचं नाव खारू. तेव्हा ती पहिलीत होती. धाकटे म्हणाले, "मी नाही तर कोण." खोटं बोलायला एवढे कमी शब्द लागतात, हे त्यांना तेव्हा सोयीचंच वाटलं. बायकोला खरं ठाऊक होतं, कारण तिला बहीण होती. पण तिनेही ते झाकलं. झाकली मूठ, आणि मुठीत शेपूट.

आता खारू चौथीत गेली होती. एका संध्याकाळी तिने सफरचंद कुरतडत जाहीर केलं, की शुक्रवारी तिचा सगळा वर्ग संग्रहालयात येणार आहे आणि खेळ बघणार आहे. धाकट्यांच्या पोटात गोळा आला. हा गोळा मात्र हलवायचं तंत्र त्यांना अवगत नव्हतं.

"सांगून टाका तिला," बायको रात्री भांडी विसळता विसळता म्हणाली. "शेपूट असण्यात काय चोरी आहे?"

"तीन वर्षं तोंड म्हणून मिरवलं, आता शेपूट म्हणून सांगू? पोरगी तोंडात मारेल माझ्या."

"ती तुम्हाला वाटते तेवढी लहान नाहीये."

"म्हणूनच तर. लहान असती तर भागलं असतं."

बायकोने पुढे काही सांगितलं असतं, पण धाकट्यांना सल्ला नको होता, तोंड हवं होतं. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत थोरले आरशासमोर भांग पाडत होते. डोक्यावर फोमचं मुंडकं चढवण्याआधी भांग पाडणारा माणूस जगात हा एकच असावा.

"साडूभाऊ, एक विनंती होती," धाकटे म्हणाले.

"बोला की."

"शुक्रवारच्या खेळापुरती आपण जागा बदलू या का? खारूचा वर्ग येतोय. तिला वाटतं, तोंड मी आहे."

थोरले हसले. मोठ्या माणसाने लहान माणसाला हसावं तसं, म्हणजे आवाज न करता, पण दिसेल असं. "अहो, त्यात काय. पोरीसाठी एवढंही करणार नाही होय मी? मागे असतं तरी काय? वाकायचं आणि यायचं मागनं."

"शेपटाचं तेवढं जरा..."

"शेपटाचं मी बघतो. तुम्ही तोंडाचं बघा. तोंड सोपं नसतं. चेहऱ्यावर भाव आणावे लागतात."

"चेहरा फोमचा आहे."

"आतून आणायचे," थोरले म्हणाले आणि त्यांनी कंगवा खिशात ठेवला. तोच तो मागचा खिसा.

सराव करू या असं धाकटे दोनदा म्हणाले. थोरल्यांनी ते हसण्यावारी नेलं. इतकी वर्षं आपण एका प्राण्यात राहतोय, आता काय शिकायचं राहिलंय, असा त्यांचा सवाल होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा असं म्हणतात. इथे बैलही तेच होते.

शुक्रवारी सकाळी शेपटाचा पट्टा थोरल्यांच्या पोटाभोवती शेवटच्या भोकात कसाबसा बसला. ते दांडी धरून वाकले. धाकट्यांनी डोकं चढवलं आणि गळ्याच्या जाळीतून आयुष्यात पहिल्यांदा ते दालन या बाजूने पाहिलं. केवढे दिवे. रंगवलेलं जंगल, त्यावर रंगवलेलं आकाश आणि समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलंच मुलं. दुसऱ्या रांगेत खारू, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होती. पडदा पूर्ण सरकला. धाकटे उभेच राहिले.

ते खुणेची वाट बघत होते. पुढच्याने आपणहून चालायचं असतं, ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नाही. दोन आपट्यांशिवाय पाऊल उचलायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. प्राणी थांबलाय हे मागे थोरल्यांना जाणवलं आणि त्यांनी सवयीने दोनदा पाय आपटला. धाकटे लगेच निघाले. अशा रीतीने अँकिलोसॉर मागच्याच्या हुकमाने पुढे सरकू लागला. घरीदारी जे चालत होतं तेच इथेही चाललं, फक्त आज तिकीट लावून.

नेचे खाण्यापर्यंत सगळं बरं झालं. धाकट्यांनी मान खाली घातली; ते काम त्यांच्या अंगवळणी होतं. बाई माइकवरून सांगत होत्या, की याच्या नाकातल्या नळ्या लांबलचक आणि वळणावळणाच्या असत, त्यामुळे वास तर येईच, पण मेंदूही थंड राहत असावा. धाकट्यांचा मेंदू त्या मुंडक्यात शिजत होता. "याच्या पोटाला मात्र पाठीसारखं चिलखत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि याचा आवाज कसा होता, हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही."

रोज याच वाक्यानंतर थोरले गर्जना करत. आजही केली. चांगली छातीतून, दरबारात भाला धरून साठवलेली सगळी हौस तिच्यात ओतून. फक्त ती आज अँकिलोसॉरच्या मागच्या बाजूने बाहेर पडली.

 मग सगळा वर्ग एकदम फुटला. मुलं एकमेकांच्या अंगावर लोळू लागली. बाई विद्येशी प्रामाणिक होत्या. त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. "पोटात एवढा पाला आंबत असल्यामुळे," त्या म्हणाल्या, "वायू बराच तयार होत असावा."

आणि त्याच हशात लंबू आला. इतकी वर्षं धाकट्यांनी लंबूला मारलं होतं, पण त्या वेषात पाहिलं कधीच नव्हतं. काठ्यांवरचा तो उंच देह, वासलेला जबडा, लोंबणारी लाल जीभ बघून त्यांची बोबडी वळली. आत तिकीट खिडकीवरचा माणूस आहे आणि तो काल आपल्या डब्यातली भाजी खाऊन गेलाय, हे माहीत असूनही वळली. घाबरलेला माणूस सवयीकडे धावतो. धाकट्यांनी डोळे मिटून घेतले.

मागे थोरल्यांनी काठ्यांचा आवाज ऐकला आणि तीनदा पाय आपटला. आपटून ते शेपूट फिरण्याची वाट बघत राहिले. शेपूट आपल्याच कमरेला बांधलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेपूट हलवणं हे आजवर नेहमी दुसऱ्याचं काम होतं. धाकट्यांनी मात्र तीन आपट्या ऐकल्या, भार डाव्या पायावर घेतला, श्वास धरला आणि कंबर फिरवली. इतक्या वर्षांत एवढी देखणी कंबर त्यांनी फिरवली नव्हती. पण त्या कमरेला शेपूट नव्हतं, डोकं होतं. अँकिलोसॉरने जोरजोराने मान हलवली.

"त्याला नको म्हणतोय," पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला.

लंबूने ठरल्याप्रमाणे नडगी पुढे केली होती. तो कामाला इमानी होता. मार खाल्ल्याशिवाय पडायचं नाही, असं त्याला पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. तो नडगी पुढे करून उभा राहिला. थोरल्यांनी चिडून पुन्हा तीनदा आपटला. अँकिलोसॉर पुन्हा नको म्हणाला. शेपूट दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. शेवटी ढालींच्या वजनाने थोरल्यांचे गुडघे वाकले आणि प्राण्याचा मागचा अर्धा भाग हळूहळू खाली बसला.

"मांसाहारी प्राण्याने," बाई म्हणाल्या, "विचार बदललेला दिसतो." लंबूने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले आणि इकडे तिकडे बघत, काठ्या सांभाळत, तो आपलाआपणच आडवा झाला.

तरीही नमस्काराची वेळ आलीच. धाकट्यांनी डोकं काढलं आणि गळ्यातून बाहेर येऊन ते वाकले. टाळ्या पडल्या. जवळून त्या फारच मोठ्या वाटतात. सगळं मुसळ केरात गेलं होतं खरं, पण ज्यासाठी केलं ते झालं होतं. पोरीने बापाचा चेहरा पाहिला होता. त्यांनी दुसऱ्या रांगेत पाहिलं. खारू टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. हात मांडीवर ठेवून ती शेपटाकडे बघत होती.

पडद्यामागे थोरले जमिनीवर उताणे पडले होते, पोट वर, चिलखत खाली. "तुमचं शेपूट बिघडलंय," ते धापा टाकत म्हणाले. "बांधणीच चुकीची आहे." धाकटे बाहेर गेले.

मुलं बोळातल्या काचेच्या कपाटांजवळ रांगेत उभी होती. धाकटे घाम पुसत खारूजवळ गेले.

"पाहिलंस ना?"

"हो. तोंड छान होतं," ती म्हणाली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "शेपूट आज काकांना का दिलंत?"

 "शेपटाचं तुला कुणी सांगितलं?"

"मावशीने. मी पहिलीत होते तेव्हाच. आणि ते कळतंच की. फ्रिजचं दार तसं दुसरं कोण लावतं?"

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्हाला तोंड व्हायला आवडतं असं वाटलं. म्हणून नाही बोलले." ती बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होती. "मी सगळ्यांना सांगितलं होतं. तोंड तर नुसता पाला खातं. तो मोठा येतो ना, त्याला पाडतात ते माझे बाबा, असं सांगितलं होतं. आज तो आपलाआपणच पडला. सगळे हसले." शेवटचा शब्द बारीक झाला. तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी हाक मारली आणि रांग हलली.

धाकट्यांना लाज वाटली. लाज त्यांच्या ओळखीची होती, पण ही ती नव्हती. आपण शेपूट आहोत म्हणून ते इतकी वर्षं पोरीपासून तोंड लपवत होते, आणि पोरगी त्या शेपटावर मान ताठ करून फिरत होती. तिला मिरवायला जे एकुलतं एक दिलं होतं, तेच त्यांनी आज नेमकं साडूच्या कमरेला बांधलं. वर तिलाच विचारलं, पाहिलंस ना.

ते पडद्यामागे परत आले. "उलटे व्हा," त्यांनी थोरल्यांना सांगितलं.

"अहो, सावकाश, माझी पाठ..."

धाकट्यांनी त्यांना कुशीवर ढकललं, पट्टा सोडवला आणि तिथेच स्वतःच्या कमरेला नेहमीच्या भोकात आवळला. मग घामाने भिजलेल्या शर्टावर, उघड्या चेहऱ्याने, शेपूट सांभाळत ते मागच्या दाराने अंगणात आले. बसमध्ये मुलं चढली होती. इंजिन सुरू झालं होतं. पायरीवर लंबू काठ्या सोडून बसला होता. मांसाहारी मुंडकं मांडीवर आणि हातात चहा.

"उठा जरा," धाकटे म्हणाले.

"माझं आजचं पडून झालं."

"नीट पडला नाहीत. उठा."

लंबूने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने चहा खाली ठेवला, मुंडकं चढवलं आणि तिथेच पायरीपुढे उभं राहून नडगी पुढे केली. पाय आपटायला कुणी नव्हतं. धाकट्यांनी भार डाव्या पायावर घेतला, श्वास धरला आणि कंबर फिरवली. शेपूट आधी मागे रेंगाळलं, मग आलं. गोळा थेट नडगीवर बसला. लंबू ओरडला, त्याने हवेत दोन्ही हात फेकले आणि तो सगळा पसरला. जाता जाता चहाही सांडला. त्यातलं किती नाटक होतं आणि किती नडगी, हे त्याने नंतरही सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर संचालकांच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला. धाकट्यांनी तिकडे पाहिलं नाही.

बसच्या सगळ्या काचांना नाकं चिकटली होती. एका काचेशी खारू होती. ती याही वेळी टाळ्या वाजवत नव्हती, तिला वेळच नव्हता. शेजारणीचा दंड धरून ती भराभर काहीतरी सांगत होती. काचेमुळे शब्द ऐकू आले नाहीत. तिने आधी शेपटाकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या तोंडाकडे.